तुळशीपत्र आणि विश्वस्तपत्र : मणिकर्णिका घाट आणि मराठी धनिकवर्गाच्या चित्रणाची चिकित्सा

वसाहतोत्तर समाजांतील आर्थिक अभिजनवर्गाची चर्चा बहुधा स्वातंत्र्याच्या क्षणापासून सुरू केली जाते. परकीय सत्ता गेली, तिच्या जागी देशी मध्यस्थ आले आणि त्यांनी सत्तेबरोबर संपत्तीही हस्तगत केली, अशी मांडणी फ्रान्त्झ फॅनन यांनी १९६१ मध्ये आफ्रिकेच्या संदर्भात केली. ती अनेक देशांना लागू पडली. भारताच्या बाबतीत मात्र ती अपुरी ठरते. येथील धनिकवर्गाचा एक मोठा भाग वसाहतीच्या आधीपासून अस्तित्वात होता. वसाहतकाळात त्याने आपले रूप बदलले आणि स्वातंत्र्यानंतर तो पुन्हा नव्या रूपात स्थिरावला. या रूपांतराचा मागोवा घेण्यासाठी काशीच्या मणिकर्णिका घाटासारखे स्थळ क्वचितच सापडेल. अठराव्या शतकात या घाटाच्या आणि त्याच्या शेजारच्या घाटांच्या बांधणीत मराठी सत्ताधाऱ्यांचा पैसा मोठ्या प्रमाणावर ओतला गेला. त्या पैशाविषयी मराठीत विपुल लेखन झाले. बखरी, पत्रव्यवहार, प्रवासवृत्ते, चरित्रे आणि ऐतिहासिक कादंबऱ्या यांतून काशीच्या पायऱ्या मराठी मनात पक्क्या बसल्या आहेत.

हे लेखन धनिकवर्गाकडे कोणत्या दृष्टीने पाहते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कोणी दिले, हा प्रश्न मराठी गद्याने सातत्याने विचारला. कोठून दिले, देण्याच्या क्रियेतून देणाऱ्याकडे काय राहिले आणि ते पुढच्या राजवटीत कसे पोहोचले, हे प्रश्न त्याने क्वचितच विचारले. या मौनाची कारणे साहित्याच्या इतिहासातही शोधावी लागतात.

१

काशीतील मराठी बांधकामांचा काळ पेशवाईच्या उत्तरेकडील विस्ताराशी मिळताजुळता आहे. पहिल्या बाजीरावाच्या काळात, १७३० च्या सुमारास, सदाशिव नाईक यांच्या देखरेखीखाली मणिकर्णिकेच्या बांधणीस चालना मिळाली. १७३५ मध्ये बाजीरावाची आई राधाबाई हिने काशीयात्रा केली आणि वाटेतील सत्ताधीशांनी तिच्या प्रवासाची व्यवस्था राखली. ती यात्रा जितकी धार्मिक होती तितकीच राजकीय प्रतिष्ठेची घोषणाही होती. याच काळात नारायण दीक्षित पाटणकर यांच्या पुढाकाराने ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती उभी राहिली. पुढे अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वेश्वराचे देवालय उभारले आणि १७९१ मध्ये मणिकर्णिकेची पुनर्बांधणी केली. नागपूरकर भोसल्यांचा घाट त्याच शतकातला आहे. १८३० मध्ये बैजाबाई शिंदे यांनी मणिकर्णिकेला लागून शिंदे घाट बांधला. तो इतका जड झाला की आपल्याच भाराने खचला आणि पुढे त्याची नव्याने उभारणी करावी लागली.

या पायऱ्यांचा दगड चुनारच्या खाणींतून नावांनी खाली येत असे. पैसा मात्र फार लांबून येई. माळवा, खानदेश, वऱ्हाड येथील महसूल, चौथ आणि सरदेशमुखी यांचे रूपांतर पुण्याच्या, इंदूरच्या, उज्जैनच्या पेढ्यांवर हुंडीत होई आणि ती हुंडी काशीच्या महाजनांच्या गादीवर वटे. म्हणजे घाटाच्या प्रत्येक पायरीमागे तीन माणसे उभी होती : सारा भरणारा कुणबी, हुंडी वटवणारा सावकार आणि नाव लावणारा सरदार. यांपैकी तिसऱ्याचे नाव शिलालेखात कोरले गेले. दुसऱ्याचे नाव व्यापारी इतिहासाच्या अभ्यासकांनी, विशेषतः सी. ए. बेली यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात, उजेडात आणले. पहिल्याचे नाव कोठेच नाही. धनंजयराव गाडगीळ यांनी १९५९ मध्ये भारतीय व्यापारीवर्गाच्या उगमाचा जो विचार मांडला, त्याच्या आधारे पाहिले तरी सत्ता आणि पेढी यांचे हे परस्परावलंबन समजून घेतल्याशिवाय त्या काळच्या धनिकवर्गाचे चित्र पुरे होत नाही.

या संदर्भात होळकरांच्या दप्तरातील ‘खासगी’ आणि ‘दौलत’ ही विभागणी फार महत्त्वाची आहे. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांची पत्नी गौतमाबाई हिच्या नावे स्वतंत्र जहागीर देण्यात आली. तिचे वार्षिक उत्पन्न सुमारे ३ लाख रुपये होते. दौलत म्हणजे राज्याचा महसूल. त्याचा हिशेब फौज, पेशव्यांची देणी आणि राज्यकारभार यांच्याशी बांधलेला. खासगी ही त्या घराण्यातील स्त्रीची मालमत्ता. तिच्यावर दौलतीचा हक्क नाही. अहिल्याबाईंच्या देशभरातील धर्मकार्याचा मोठा भार या खासगीने उचलला. राज्याचे धन आणि घराण्याचे धन यांतील ही सीमारेषा आधुनिक कायद्याच्या कितीतरी आधी आखली गेली होती.

अहिल्याबाईंच्या चरित्रकारांनी एक कथा आवर्जून सांगितली आहे. मल्हाररावांच्या निधनानंतर होळकरांच्या खजिन्यावर इतरांची नजर गेली, तेव्हा बाईंनी त्या द्रव्यावर गंगोदक सोडून तुळशीपत्र ठेवले आणि दान म्हणून घ्यायचे असेल तर संकल्पपूर्वक न्यावे, असे सुनावले. ही कथा चरित्रांतून वैराग्याचे उदाहरण म्हणून येते. मराठीत ‘तुळशीपत्र ठेवणे’ याचा अर्थच मुळी हक्क सोडणे असा रूढ आहे. पण कथेतील प्रसंग नीट पाहिला तर तेथे नेमके उलटे घडते. द्रव्यावर तुळशीपत्र पडताच ते प्रतिस्पर्ध्यांच्या हाती जाण्याचे थांबते आणि त्याचा विनियोग करण्याचा अधिकार मात्र बाईंकडेच राहतो. दानाच्या संकल्पाने संपत्तीचे स्वामित्व विरते आणि व्यवस्थापन टिकते. विश्वस्तनिधी या आधुनिक कल्पनेचे सारे बीज या एका कृतीत आहे. यामुळे अहिल्याबाईंच्या धर्मबुद्धीला कमीपणा येत नाही. त्यांची राजकीय जाण किती तीक्ष्ण होती, हे उलट यातून अधिक स्पष्ट होते. चरित्रांनी मात्र त्यांना संतत्व देताना त्यांची ही जाण झाकून टाकली.

२

१८१८ नंतर या धनिकवर्गाची स्थिती बदलली. प्रदेश गेला आणि तनखा आला. १८०३ मध्येच अमृतराव पेशव्यांना कंपनीने वार्षिक ७ लाखांची नेमणूक दिली होती. त्यांनी काशीत देह ठेवला. दुसऱ्या बाजीरावास ब्रह्मावर्ती वर्षाला ८ लाख मिळत. त्याचा भाऊ चिमाजी अप्पा काशीत राहिला आणि त्याच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांच्या मुलीचा जन्म काशीतच झाला व तिचे नाव मणिकर्णिका ठेवले गेले. झाशीच्या राणीचे हे मूळ नाव सर्वश्रुत आहे. ते एका तनखेदाराच्या आश्रितांच्या वसाहतीतून आलेले नाव आहे, ही गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. पुढे झाशी खालसा झाल्यावर याच मणिकर्णिकेसमोर इंग्रजांनी दरमहा ५ हजारांचा तनखा ठेवला. मराठी अभिजनवर्गाच्या इतिहासातील सारी संक्रमणावस्था या एका चरित्रात सामावलेली आहे.

तनखा हा संपत्तीचा विचित्र प्रकार होता. त्यात उपभोग होता, पण उत्पादनावर वा महसुलावर अधिकार नव्हता. शिवाय तो देणाऱ्याच्या मर्जीवर टिकून होता. बाजीरावाच्या मृत्यूनंतर १८५१ मध्ये तो नानासाहेबांना नाकारण्यात आला. १८५८ मध्ये अमृतरावांच्या वंशजांचा चित्रकूटजवळील कर्वीचा खजिना इंग्रजी फौजेने लूट म्हणून ताब्यात घेतला आणि त्याच्या वाटणीवरून लंडनच्या न्यायालयात खटला चालला. ज्या वर्गाने माळव्याच्या महसुलातून घाट उभारले, त्याच वर्गाचे धन आता विजेत्यांमध्ये वाटून घेण्याचा ऐवज ठरले. सत्तेविना संपत्ती हा या वर्गाच्या वाट्याला आलेला नवा अनुभव होता. अशा वेळी दान हीच प्रतिष्ठेची उरलेली भाषा होती. बैजाबाईंचा काशीशी आणि तेथील सराफीशी असलेला संबंध, ज्ञानवापीभोवती त्यांनी १८२८ मध्ये उभारलेला मंडप आणि दोनच वर्षांनी बांधलेला शिंदे घाट ही या काळातील ठळक उदाहरणे होत. ग्वाल्हेरच्या कारभाराची सूत्रे १८३३ मध्ये त्यांच्या हातून गेली. धर्मकृत्याची सूत्रे मात्र अखेरपर्यंत त्यांच्याच हाती राहिली.

३

या बैजाबाईंच्या दानशीलतेचे खालून दिसणारे रूप मराठीत एकाच ग्रंथाने जपून ठेवले आहे. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा ‘माझा प्रवास’ हा तो ग्रंथ. १८८३ च्या सुमारास मोडीत लिहिलेली ही हकीकत चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये भाषा बदलून आणि काटछाट करून प्रसिद्ध केली. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये वाचकांसमोर आणली. या दोन आवृत्त्यांमध्ये केवळ भाषेचा फरक नाही. वैद्यांच्या आवृत्तीने १८५७ च्या बंडाला पुढे ठेवले आणि वाचकांनीही तो ग्रंथ बंडाचा साक्षीदार म्हणूनच स्वीकारला. झाशीचा वेढा, राणीचे व्यक्तिचित्र, कानपूर आणि काल्पीच्या वार्ता हे त्यातील भाग पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. गोडसे भटजींनी ज्या कारणाने घर सोडले, ते मागे पडले.

ते कारण कर्जाचे होते. पेणजवळच्या वरसईतील हे भिक्षुक कुटुंब ऋणात होते. बैजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, अशी वार्ता कोकणात पोहोचली आणि विष्णुभट काका रामभट यांच्यासह १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने निघाले. कोकणातील एका खेड्यातील कर्ज आणि ग्वाल्हेरच्या राजघराण्यातील एका स्त्रीचा संकल्प यांना जोडणारा हा धागाच या ग्रंथाचा कणा आहे. उत्तरेत कोणता दरबार किती देतो, कोठे अन्नछत्र आहे, कोणत्या विधीला कोणती दक्षिणा मिळते, याची माहिती शेकडो कोस दूर असलेल्या गावांत ताजी असे. तनखेदार अभिजनवर्गाभोवती अशी एक श्रमाची बाजारपेठ उभी होती. तिच्यात मंत्र हे कौशल्य होते, दक्षिणा ही मजुरी होती आणि यज्ञ हा कामाचा हंगाम होता. भटजींच्या निवेदनात श्रद्धा आणि हिशेब यांची फारकत होत नाही. दक्षिणेचा आकडा सांगताना त्यांना संकोच वाटत नाही आणि तो सांगितल्याने तीर्थाचे पावित्र्य कमी होते असेही त्यांना वाटत नाही.

याच हिशेबी नजरेने त्यांनी झाशीच्या पाडावानंतरची लूट पाहिली आहे. कोणत्या वस्तू आधी गेल्या आणि कोणत्या नंतर, यांची त्यांनी ठेवलेली क्रमवार नोंद भावनावश निवेदकाला साधली नसती. पैसा कमावण्यासाठी निघालेला हा माणूस वाटेत अनेकदा लुटला गेला. तो घरी परतला तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे धन फारसे नव्हते. खांद्यावरच्या कावडीत आईवडिलांसाठी आणलेली गंगा होती. ज्या अभिजनवर्गाच्या आशेवर तो निघाला होता, तोच वर्ग त्या दीड-दोन वर्षांत त्याच्या डोळ्यांदेखत मोडून पडला. या ग्रंथाचे खरे शोकनाट्य येथे आहे. एका यजमानवर्गाचा अस्त त्याच्या याजकाने लिहून ठेवला, आणि तो लिहिताना यजमानाला देवत्व दिले नाही.

४

गोडसे भटजी आपली हकीकत लिहून काढत होते, त्याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींच्या निमित्ताने शेतकऱ्याच्या घरातून पैसा कसा बाहेर जातो, याची मांडणी फुले यांनी त्या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात केली आहे. हे दोन ग्रंथ मराठी समीक्षेने सहसा एकत्र वाचले नाहीत. एकाचे स्थान प्रवासवर्णनाच्या इतिहासात, तर दुसऱ्याचे सामाजिक प्रबोधनाच्या इतिहासात ठरवले गेले. वास्तविक दोन्ही एकाच अर्थव्यवहाराची दोन टोके दाखवतात. फुले यांनी पैसा जेथून निघतो ते टोक पाहिले, गोडसे यांनी तो जेथे पोहोचतो ते. मधला धनिक, जो एका हाताने सारा घेतो आणि दुसऱ्या हाताने दक्षिणा देतो, तो या दोन संहिता शेजारी ठेवल्यावरच पुरता दिसू लागतो.

हे दोन ग्रंथ परस्परांपासून दूर का राहिले, याचे एक कारण आधुनिक मराठी गद्याच्या जन्मकथेत आहे. पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेचा निधी एल्फिन्स्टनने चालू ठेवला आणि त्यातूनच १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा उभी राहिली. १८४९ मध्ये या निधीतील काही भाग मराठी ग्रंथांना मिळावा, असा अर्ज सुधारकांनी केला. त्यामागे लोकहितवादींची प्रेरणा होती, आणि सनातन्यांच्या विरोधाच्या वेळी फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि अनेक मराठी ग्रंथांना तिच्याकडून पारितोषिके मिळाली. म्हणजे ज्या द्रव्यातून याचक जगला, त्याच द्रव्यातून मराठी लेखकही उभा राहिला. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणाच्या जागी ग्रंथकार आला. देणारा आणि घेणारा यांतील नाते मात्र बदलले नाही. आश्रयदात्याच्या धनाचा उगम विचारण्याची सवय मराठी लेखनाला का लागली नाही, याचे उत्तर केवळ लेखकांच्या वैयक्तिक भाबडेपणात सापडणार नाही. त्यासाठी या संस्थात्मक इतिहासाकडे वळावे लागते. काशीतीलच हिंदू विश्वविद्यालय १९१६ मध्ये संस्थानिकांच्या आणि धनिकांच्या देणग्यांतून उभे राहिले. दानातून ज्ञानसंस्था निर्माण होणे ही लाजेची बाब नाही. ज्ञानसंस्थेने त्या दानाचे वाचन न करणे ही मात्र उणीव आहे.

५

स्वातंत्र्यानंतर या वर्गाचे तिसरे रूपांतर झाले. १९४८ मध्ये मध्य भारत संघराज्याच्या करारात होळकरांच्या खासगी मालमत्ता आणि त्यांचे उत्पन्न शासनाकडे गेले आणि त्याबदल्यात धर्मादायासाठी शासनाने दरवर्षी २ लाख ९१ हजार ९५२ रुपये कायम देत राहावे, असे ठरले. १७३४ मधील ३ लाखांच्या जहागिरीशी हा आकडा ताडून पाहण्याजोगा आहे. दोन शतकांत रुपयाचे मोल पार बदलले होते, पण आकडा जवळपास जिथल्या तिथे होता. १९६२ मध्ये विश्वस्तपत्र होऊन देवी अहिल्याबाई होळकर यांच्या धर्मादायांसाठी खासगी ट्रस्ट अस्तित्वात आला. तुळशीपत्राची जागा विश्वस्तपत्राने घेतली. स्वामित्वाचा त्याग आणि व्यवस्थापनाचा अधिकार हे जुने सूत्र नव्या कायद्याच्या भाषेत उतरले. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे घटनादुरुस्तीने रद्द झाले, तरी विश्वस्तनिधी टिकले. या ट्रस्टच्या मालमत्तांच्या हस्तांतरणावरून पुढे वाद निर्माण झाला. तो मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये त्या न्यायालयाने हा ट्रस्ट सार्वजनिक न्यासांच्या कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय दिला. अठराव्या शतकात आखलेली खासगी आणि दौलत यांमधील रेषा एकविसाव्या शतकातही न्यायालयाला पुन्हा तपासावी लागली. लोकांच्या महसुलातून आलेले आणि देवाला वाहिलेले धन घराण्याचे की लोकांचे, हा त्या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न मराठी चरित्रकारांनी कधीच विचारला नव्हता.

१९६२ हे वर्ष मराठी साहित्याच्या दृष्टीनेही लक्षणीय आहे. त्याच वर्षी रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिने ऐतिहासिक कादंबरीची एक मोठी लाट निर्माण केली. आदल्याच वर्षी महाराष्ट्रात शेतजमिनीच्या कमाल धारणेचा कायदा संमत झाला होता. जुन्या भूस्वामी वर्गाचे कायदेशीर अस्तित्व आक्रसत असतानाच कादंबरीने त्याला नैतिक व्यक्तिमत्त्व बहाल केले. त्याच्या वाड्यांना, विधींना, कौटुंबिक दुःखांना वाचकांच्या मनात जागा मिळाली. महसुलाच्या वह्यांना मिळाली नाही. हे घडवून आणण्याचा लेखकांचा हेतू होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण परिणाम तसाच झाला.

याच्या अगदी उलट वागणूक मराठी कादंबरीने नव्या धनिकवर्गाला दिली. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला. त्यातून ग्रामीण महाराष्ट्रात एक नवा आर्थिक अभिजनवर्ग उदयास आला. १९८३ पासून विनाअनुदान महाविद्यालयांना वाट मोकळी झाल्यावर त्याने शिक्षणक्षेत्रातही पाय रोवले. ‘साखरसम्राट’ आणि ‘शिक्षणसम्राट’ हे शब्द मराठीने उपहासाने घडवले. अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’ने १९७७ मध्ये, तर रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’ने १९९४ मध्ये या वर्गाच्या सत्ताकारणाची निर्मम चिकित्सा केली. ही चिकित्सा मराठी कादंबरीची मोठी कमाई आहे. पण साखर कारखान्याच्या अध्यक्षाला लावलेला हा मापदंड पेशव्यांना, शिंद्यांना, होळकरांना लावला गेला नाही. एकाच भाषेत धनिकवर्गासाठी दोन तराजू राहिले. जो जुना झाला आणि ज्याने घाट बांधला, त्याच्यासाठी एक. जो नवा आहे आणि ज्याने कारखाना काढला, त्याच्यासाठी दुसरा. या भेदामागे जातिव्यवस्थेतील स्थानाचाही भाग आहे. मात्र तेवढ्याने त्याचा उलगडा होत नाही, कारण होळकरांचे घराणे धनगर समाजातून आलेले होते. नव्याला जुने करणारी आणि संपत्तीला पुण्याईत बदलणारी प्रक्रियाच येथे अधिक निर्णायक ठरते, आणि ती प्रक्रिया घडवण्यात साहित्याचा वाटा मोठा आहे. फिलिपाईन्ससारख्या देशात वसाहतकालीन जमीनदार घराणीच पुढे राजकीय आणि औद्योगिक घराणी झाली. तेथेही घराण्याच्या नावाला चिकटलेली प्रतिष्ठा संपत्तीइतकीच वारसाहक्काने पुढे आली आहे.

६

मणिकर्णिकेवरील श्रमाची व्यवस्था या साऱ्या रूपांतरांच्या काळातही चालू राहिली. चितेचा अग्नी डोम समाजाकडून घ्यावा लागतो आणि अग्नी देण्याचा हक्क त्या समाजातील कुटुंबांत पाळ्यांनी वाटलेला आहे. जोनाथन पॅरी यांनी १९९४ मधील आपल्या अभ्यासात दाखवल्याप्रमाणे हा हक्क वारशाने विभागला जातो आणि त्याचे व्यवहारही होतात. महाराष्ट्रातील बलुत्या-वतनांच्या परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल. अस्पृश्य ठरवलेल्या समाजाच्या हाती मोक्षाच्या दाराची किल्ली आणि त्या समाजातच ‘डोमराजा’ ही पदवी, ही विसंगती वरवरची आहे. पदवीने आलेला मान आणि लाकडाच्या धगीत रात्रंदिवस राबणाऱ्या कामगाराचे जिणे यांत तेथेही मोठे अंतर आहे. काशीवरील मराठी लेखनाने या कामगाराकडे जवळजवळ पाहिलेच नाही. त्याची नजर पायऱ्यांवर होती. पायऱ्यांवर कोण वाकले आहे, हे तिला दिसले नाही.

या बाबतीत लोककथेने शिष्ट साहित्यापेक्षा अधिक जागरूकता दाखवली आहे. मणिकर्णिका आणि शिंदे घाट यांच्या सीमेवर रत्नेश्वर महादेवाचे देवालय एका बाजूला झुकून उभे आहे. त्याविषयी निरनिराळ्या कथा सांगितल्या जातात. एका कथेनुसार अहिल्याबाईंच्या रत्नाबाई नावाच्या दासीने ते बांधले, त्याला आपले नाव दिले आणि स्वामिनीच्या शापाने ते कलले. दुसऱ्या कथेनुसार कोणा पुत्राने देवालय उभारून ‘आईच्या ऋणातून मुक्त झालो’ असे म्हटले आणि त्याच क्षणी ते झुकले. इतिहास म्हणून या कथांना आधार नाही. अर्थव्यवहाराचे भाष्य म्हणून त्या विलक्षण नेमक्या आहेत. पहिली कथा सांगते की श्रम कोणाचेही असोत, नाव लावण्याचा हक्क धन्याचाच. दुसरी सांगते की काही ऋणे बांधकामाने फिटत नाहीत. वरसईहून निघालेल्या कर्जबाजारी भटजीच्या हकीकतीला आणि ‘असूडा’तील शेतकऱ्याच्या कर्जाला ही कथा न बोलता जाऊन भिडते.

अलीकडच्या काळात या परिसराचे चौथे रूपांतर घडत आहे. तीनशेहून अधिक इमारती संपादित करून उभारलेल्या काशी विश्वनाथ धामाचे लोकार्पण १३ डिसेंबर २०२१ रोजी झाले. त्यात अहिल्याबाईंचा पुतळा बसवण्यात आला. जुलै २०२३ मध्ये मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन्ही घाटांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. या प्रकारच्या कामांमागील आश्रयाचे नवे साधन म्हणजे २०१३ च्या कंपनी कायद्याने घालून दिलेली सामाजिक उत्तरदायित्वाची तरतूद. ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करावी आणि त्यात वारशाच्या जतनाचाही समावेश असावा, असे हा कायदा सांगतो. पुण्य ऐच्छिक होते, उत्तरदायित्व कायद्याने ठरवलेले आहे, हा फरक लहान नव्हे. कंपनीचा हिशेब लेखापरीक्षकापुढे जातो, तसा सरदाराचा जात नव्हता, हेही मान्य करावे लागते. पण घाटावर नाव लावण्याची आस आणि लोकांच्या श्रमातून आलेल्या धनाला लोकांवरील उपकाराचे रूप देण्याची रीत या दोन्ही गोष्टी नव्या आश्रयदात्याला जुन्याकडूनच मिळाल्या आहेत. मराठी वाचकाने आपल्या अठराव्या शतकाचे वाचन चिकित्सकपणे केले असते, तर एकविसाव्या शतकाचे वाचन त्याला अधिक सोपे झाले असते.

मराठी समीक्षेपुढचे काम यातून स्पष्ट होते. अहिल्याबाईंचे चरित्र लिहिताना खासगीच्या वह्या आणि तुळशीपत्राची कथा एकाच पानावर यावयास हवीत. ‘माझा प्रवास’ बंडाच्या कथेपुरता न ठेवता ऋणाची आणि दक्षिणेची हकीकत म्हणून पुन्हा वाचावयास हवा, आणि त्यासाठी पोतदारांनी दिलेली मूळ संहिता आधारभूत मानावी लागेल. ‘असूड’ त्याच्या शेजारी ठेवावा लागेल. ऐतिहासिक कादंबरी आणि सत्ताकारणाची कादंबरी यांच्यासाठी मूल्यमापनाच्या ज्या दोन वेगळ्या रीती प्रचलित आहेत, त्या एकमेकींसमोर तपासाव्या लागतील. अशा वाचनाने मणिकर्णिकेच्या पायऱ्यांचे पावित्र्य उणावत नाही. तेथे येणाऱ्या शोकाकुल माणसाला त्या पायऱ्या कोणी बांधल्या याने फरकही पडत नाही. फरक पडतो तो लेखनाला. दात्याचे नाव शिळेवर कोरलेले आहेच. त्या शिळेची किंमत ज्याने चुकती केली, त्या सारा भरणाऱ्या कुणब्याचा शोध जुन्या रुमालांतून आणि हुंड्यांतून घेणे, हे आता अभ्यासकांकडे राहिलेले देणे आहे.